दगडाचं वांगं

यंदा मार्कंडेय नदी जरा लवकरच उतरली. परवा मळीत, म्हणजे नदीकाठच्या आमच्या शेतात, वाटाण्याच्या शेंगा तोडायला गेले होते, तर वळणावरचे दगड उघडे पडलेले दिसले. अजून ओले होते. ओला दगड आणि वाळलेला दगड या दोन निरनिराळ्या वस्तू असतात, हे मला दोन हिवाळ्यांपूर्वी कळलं. ओला असतो तेव्हा त्यात तांबूस असतं, जांभळट असतं, कुठे शेवाळी छटा, कुठे पांढरी शीर. तोच दगड घरी आणून फरशीवर ठेवा. ऊन लागलं की सगळा राखाडी. मग तो धुवा, रंगवा, वरून वार्निशचा एक हात द्या, की ते ओलेपण परत येतं आणि मुक्कामाला राहतं.

मी शेंगांची पिशवी भरली, तोंड बांधलं आणि पाठ फिरवून बांधाबांधाने घरी आले. सोप्यात आप्पा, म्हणजे माझे सासरे, शेंगा सोलायला परात घेऊन तयारच बसले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "पानी उतरलं जनू?"

"व्हय," मी म्हटलं.

मग दोघांनी मिळून शेंगा सोलल्या. पण वळणावरचे दगड बघून छातीत जे धस्स झालं होतं, ते भाजी फोडणीला टाकेपर्यंत गेलं नाही. त्या हिवाळ्याचा धक्का अजून असा मधूनच येतो, पाहुण्यासारखा बसतो आणि कधी उठून जातो ते कळत नाही.

धक्का बसणारी बाई म्हणून मला कुणी ओळखत नाही. मी बेळगावातल्या एका शाळेच्या कार्यालयात आहे. दाखले, हजेरी, कन्नडमधून येणारी सरकारी परिपत्रकं आणि ती वाचून मराठी पालकांना पडणारे प्रश्न, सगळं माझ्या टेबलावरून जातं. घरी फ्रिजच्या दारावर याद्या लावलेल्या असतात. आठवड्याची भाजी, म्हशीचं औषध, आप्पांच्या गोळ्या, गॅस कधी लावला. माझे यजमान सुरेश पाहुण्यांना सांगतात, "ही मेली तर आधी कामं वाटून दील, मगच डोळे मिटंल." पाहुणे हसतात. मीही हसते, कारण ते खरं आहे.

आत्याबाई गेल्या त्या दिवशीही मी तेच केलं. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. लग्न होऊन मी बेळगावजवळच्या कंग्राळीत आले तेव्हापासून त्या माझ्या आत्याबाई. दसरा होऊन गेला होता, भात कापणीला आलं होतं. सकाळी चहा पिऊन त्या गोठ्यात गेल्या, म्हशीपुढे वैरण टाकता टाकता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मला शाळेत फोन आला. फोन ठेवून मी हातातलं परिपत्रक फाईलला लावलं आणि एका कोऱ्या कागदावर लिहायला बसले. कुणाला कळवायचं, कुणाला आणायला गाडी पाठवायची, उद्या कापणीला येणाऱ्या माणसांना कोण थांबवणार. घरी पोचले तेव्हा अर्धी कामं फोनवरच मार्गी लागली होती. बायका माझ्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते, की सोप्यातली सतरंजी पुरेल का.

दिवस झाले. पाहुणे गेले. भात उशिरा का होईना कापून झालं, मळलं, पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, रचून झालं. आणि मग एकदम सगळं थांबलं. वर्षभर सण नाही, हळदीकुंकू नाही, कुणाच्या लग्नाला जाणं नाही. दिवाळीचा फराळही शेजाऱ्यांनी आणून दिला. फ्रिजवरच्या कागदावर लिहायला काही उरलं नाही. रविवारी सकाळी आवरून झालं की पुढे दुपार नुसती पसरलेली असायची आणि स्वयंपाकघरात आत्याबाईंचा पाट भिंतीला टेकवलेला दिसायचा. तो मी आत ठेवत नव्हते, बाहेरही काढत नव्हते.

रंग शाळेतले. कुठल्याशा प्रदर्शनासाठी आणलेल्या बाटल्या कपाटात पडून होत्या. आणखी एक उन्हाळा गेला असता तर वाळून फेकाव्याच लागल्या असत्या. वस्तू वाया जाताना मला बघवत नाही. मुख्याध्यापकांना रीतसर विचारून मी त्या घरी आणल्या. कशावर रंगवायचं, हा पुढचा प्रश्न. कागदावर चित्र काढायला धीर होत नव्हता. कागदावर काढलेलं चुकलं तर चुकलेलं दिसतं. मुलगी स्नेहा पुण्याला नोकरीला असते. तिने फोनवर सांगितलं, "आई, दगड रंगव. आता सगळे रंगवतात." आमच्या शिपायाला मी हे सांगितलं तर तो हातातला चहाचा ट्रे तसाच धरून उभा राहिला. "कल्लिगे बण्णाना, मॅडम?" दगडाला रंग? त्याच्या तोंडावर जी काळजी होती, ती मी कधी विसरणार नाही. बाई दुःखाने जराशी हलली, असं त्याने घरी जाऊन सांगितलं असणार.

मी मूळची निपाणीजवळच्या बोरगावची. तिकडे सगळी काळी माती. शेतात ढेकूळ सापडेल, दगड मिळायचा नाही. त्या भागात हिवाळा म्हणजे तंबाखू. हवाच तिखट होते, परका माणूस निपाणीत उतरला की पहिल्यांदा शिंकतो. कंग्राळीच्या हिवाळ्याला पिंजराचा वास असतो, ओल्या मातीत वाढणाऱ्या मसुरीचा असतो आणि संध्याकाळी दारोदारी उकडणाऱ्या रताळ्यांचा. नदी मळीच्या खालच्या अंगाने वळते. त्या वळणावर एक डोह आहे. तो भर उन्हाळ्यातही आटत नाही. पण त्याच्या वरच्या बाजूचं पाणी पौषापर्यंत मागे सरतं आणि दगड उघडे पडतात. गुळगुळीत, हातात नीट मावणारे, जणू कुणी निवडून मांडलेले. मला ते मिळाल्यावर झालेला आनंद अजून आठवतो. इतका चांगला माल आणि त्याला हात लावायला कुणी येत नाही!

कुणी का येत नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. इतर प्रत्येक बाबतीत पडला असता.

पहिल्या रविवारी मी दगड घासून धुतले, गच्चीवर वाळत घातले. दुसऱ्या रविवारी पांढरा अस्तराचा हात. मग रंग. बारीक ठिपक्यांना ब्रश जाड पडत होता, म्हणून खराट्याची काडी तासून घेतली. हे काम करताना माझ्यात काहीतरी व्हायचं, ते मला नीट सांगता येत नाही. दगड हातात घेतला की तो बराच वेळ गार असतो. हळूहळू तळहाताची ऊब त्यात जाते. मग रंग लावायला घ्यायचा. तेवढ्या वेळात मी कसलाच विचार करत नसे, आणि एकदा असाच हात थांबलेला असताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसलं आणि दुसरा हात दिला. काय झालं ते मी सुरेशना सांगितलं नाही. सांगण्यासारखं मला तरी कुठे कळलं होतं?

दगड आपला आकार घेऊनच येतो. चपटा होता त्याचा बेडूक झाला. तो शेजारच्या शांताक्कांना दिला; त्यांनी तुळशीकट्ट्यावर ठेवला. गोल होता त्याचा टोमॅटो झाला, तो स्नेहाने पुण्याला नेला. एक लांबट, मुठीएवढा, जांभळट दगड होता. त्याला अस्तराची गरजच नव्हती. त्याच्या अंगावरून एक पांढरी शीर वरपासून खाली आलेली, बुडाशी दुभंगून तिच्या दोन झालेल्या. आमच्या मळीत पिकतात त्या पांढऱ्या रेघांच्या वांग्यासारखा हुबेहूब. मी नुसता जांभळा रंग गडद केला, शीर तशीच मोकळी सोडली, वर हिरवा देठ आणि टोपी काढली. वार्निश वाळल्यावर मीच दचकले. तो देठ धरून विळीवर घ्यावा, इतका खरा.

आप्पा हे सगळं सोप्यातल्या खाटेवरून बघायचे. बघायचे म्हणजे त्यांचं तोंड माझ्याकडे असायचं. आत्याबाई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून काही मागितलं नव्हतं. ताट वाढलं की जेवायचे, अर्धं ठेवून उठायचे. दोघांनी मिळून जन्मभर भाजी पिकवली. आप्पा तोडायचे, आत्याबाई पहाटे टोपली घेऊन बेळगावच्या बाजारात बसायच्या. आता आप्पा शेतात जात नव्हते. गोळ्यांची यादी फ्रिजवर होती, पण या दुखण्यावरची गोळी तीत नव्हती.

भोगी आली. आमच्या घरी त्या वर्षी सण नव्हता, म्हणून शांताक्का डबा घेऊन आल्या. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि वांगी, वाटाणा, सोलाणे, गाजर, घेवडा घातलेली भोगीची भाजी. डबा उघडायच्या आधीच वास सोप्यात पसरला. मी रंगवलेल्या भाज्या एका बुट्टीत मांडून ठेवल्या होत्या. शांताक्कांनी ती बघितली.

"अगं बाई, बाजार कवा केलास?" म्हणत त्यांनी वांगं उचललं. जड लागलं तशी किंचाळून परत टाकलं. "मुडदा बशिवला तुझा! खरंच वाटलं की गं मला. शिजंल का न्हाय हे?"

"कुकरला चार शिट्ट्या काढा, शिजंल."

"आनि मऊ झालं न्हाय तर?"

"तर तुमच्या कवळीला कामाला लावा."

खाटेवरून घोगरा आवाज आला. आप्पा हसत होते. हसून त्यांनी हात पुढे केला. "बघू. आन हिकडं. माझ्यापरास चांगलं वांगं पिकीवलंस व्हय?"

मी लगबगीने वांगं त्यांच्या हातात दिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा या माणसाने काहीतरी मागितलं होतं. वांगं ताजं आहे का बघायला देठाजवळ अंगठा दाबतात, तसा त्यांनी दाबला. मग अंगठा पांढऱ्या शिरेवरून खाली सरकला. ती जिथे दुभंगते तिथे आला. थांबला. परत वर गेला, परत खाली आला. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, पण त्याच्या मागे कुणी नव्हतं.

"ह्यो कुठनं आनलास?"

"नदीवरनं, आप्पा. वळणावर, डोहाच्या वरच्या अंगाला. तिथलं दगूड लई गुळगुळीत..."

"असणारच. तेल पिल्यालं असतात ते." त्यांनी वांगं दोन्ही हातांत धरलं. "शोभा, ही तुझी आत्या हाय."

भाजीची वाफ डब्यातून येत होती. रस्त्यावरून कुणीतरी ट्रॅक्टर नेत होतं, त्यावर गाणं लागलं होतं. हे सगळं इतकं स्पष्ट ऐकू येत होतं, की मला वाटलं, आपण नीट आहोत, आपल्याला काहीही झालेलं नाही. मग शांताक्का भिंतीला टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "मग माझ्या तुळशीपाशी बेडूक बसलाय, त्यो कोन?"

आणि मी हसले. मोठ्याने, तोंडावर हात दाबूनही थांबेना असं. हसता हसता मी होते तिथेच खाली बसले.

गोष्ट साधी आहे, आणि घरातल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक आहे. सरणाभोवती पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फिरतात, तेव्हा एका दगडाने त्या मडक्याला भोकं पाडतात. तो जीवखडा. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्यात असतो असं मानतात. तो फडक्यात बांधून घराबाहेर ठेवतात, दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला की सगळे त्याच्यावर तेल घालतात आणि पाण्यात सोडून मागे न बघता घरी येतात. नाव मला माहीत होतं. दहाव्याचं सामान मीच काढून दिलं होतं, तेलाच्या वाटीसकट. पण आमच्यात बायका दहाव्याला नदीवर जात नाहीत. तो दगड केवढा असतो, कसा दिसतो, कुठल्या वळणावर सोडतात, हे मी कधी बघितलंच नव्हतं. आणि ज्यांनी बघितलं होतं ते पुरुष माझ्या हातात बेडूक, टोमॅटो आणि वांगी बघत होते.

संध्याकाळी सुरेश आले. त्यांनी ऐकलं, मग समजुतीच्या आवाजात म्हणाले, "आप्पा, असलं दगूड रग्गड असतात नदीत."

"दहा दिवस शेवग्याच्या बेचक्यात हुता. मी रोज बघत हुतो," आप्पा म्हणाले. "तेल ह्याच अंगठ्यानं चोळलंय."

सुरेश थिनरची बाटली आणि जुना चाकू घेऊन आले; रंग काढून दगड होता तसा करायचा आणि सकाळी डोहात सोडायचा, असा त्यांचा बेत. आप्पांनी दगड छातीशी धरला. "खरवडू नका. लागंल तिला."

सुरेशनी माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढे घाबरलेले ते मला कधी दिसले नव्हते.

पुढचा आठवडा वाईट गेला. आप्पा तो दगड हातातून सोडत नव्हते. जेवताना ताटाशेजारी, झोपताना उशाशी. देत नव्हते आणि ठेवूनही घेत नव्हते. "तिला अडकवून ठेवलंय," असं एकदा म्हणाले. भाकरी मोडायचे आणि तुकडा तसाच ताटात ठेवायचे. अर्ध्या ताटावरून पाव ताटावर आले. दगड पाण्यात गेला नाही तर जीव मधल्यामध्ये राहतो, यावर माझा विश्वास आहे का? कार्यालयात कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर एक जीव मधल्यामध्ये राहिला होता, तो खाटेवर बसलेला होता, आणि त्याचं वजन रोज उतरत होतं. यावर विश्वास ठेवण्या-न ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि एक गोष्ट मला खात होती. दहाव्याला सगळे डोहावर गेले होते. डोह आटत नाही. दसऱ्यानंतर नदीला एकदाही लोंढा आला नव्हता. मग डोहात सोडलेला दगड काठावर, कोरड्या जागी आला कसा? सुरेशना विचारलं. ते म्हणाले, "सोडला आप्पांनी. 'दे हिकडं, मी सोडतो' म्हणून माझ्या हातातनं घेतला. आमी म्होरं निघालो. मागं बघायचं नसतंय." आप्पांना विचारायला गेले, तर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

मी मग मला जे येतं ते केलं. वळणावरून आणलेला एकूण एक दगड परत मागवायचा, आणि रविवारी सगळे मिळून नदीला द्यायचे. कुठला जीवखडा आणि कुठला नुसता दगड, हे सांगणारं कुणी नव्हतं, त्यामुळे सगळेच. स्नेहाला फोन केला. ती आधी हसली, मग येते म्हणाली. शनिवारी ती पुण्याहून बसने आली. टोमॅटो तिच्या शालीत गुंडाळलेला होता. "बॅगेत नाही ठेवला," ती म्हणाली. "मांडीवर घेऊन आले." शांताक्का स्वतः बेडूक घेऊन आल्या. बेडूक चकाकत होता. त्यांनी त्याला तेल लावलं होतं.

"कुनाचा का असंना," त्या म्हणाल्या. "माझ्या दारात ऱ्हायला की एवढं दिवस. तसाच कसा पाठवू?"

रविवारी सकाळी निघताना सुरेश म्हणाले, "बायका न्हाईत जात तिथं."

"मी चार रविवार गेलतो तिथं," मी म्हटलं. घरी बोलताना मीही इथल्या बायकांसारखी स्वतःला 'गेलो, आलो' म्हणते. "दगूड मी आनल्यात. मीच परत देनार."

आप्पा थांबले नाहीत. ते पुढे चालू लागले होते.

मळीवर धुकं होतं. मसुरीवर दव इतकं, की सलवार गुडघ्यापर्यंत भिजली. नदीतून वाफ येत होती. सुरेशनी एकेक दगड घेतला, त्यावर तेलाची धार धरली आणि डोहात सोडला. बेडूक गेला, टोमॅटो गेला, बटाटे गेले. प्रत्येक वेळी डुबुक असा एक आवाज व्हायचा आणि पाणी पुन्हा सारखं व्हायचं. मला त्या आवाजाची भीती वाटायला लागली. शेवटी आप्पांच्या हातातलं वांगं राहिलं.

"द्या आप्पा," सुरेश म्हणाले. "लांब फेकतो, मधोमध. परत न्हाय येनार काठाला."

"फेकतो?" आप्पा गर्रकन वळले. "आई हाय ती तुझी. फेकतो म्हंजे?"

सुरेशचा हात तसाच हवेत राहिला. आप्पा काठावर उकिडवे बसले. मग वळणाच्या वरच्या अंगाला, उघड्या पडलेल्या दगडांकडे त्यांनी बोट केलं. "मी तितं ठेवलती तिला. घोट्याएवढ्या पान्यात. तुमी म्होरं गेलासा, मग मी हितनं उचलून तिकडं नेली." मग म्हणाले, "पानी उतरंल, उघडी पडंल, हे काय मला कळत न्हवतं? पन डोहात कशी सोडू? तिला पवाय येत न्हवतं. नदी पार करताना माझा सदरा धरायची ती. सगळा जलम धरायची."

सुरेशनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मी दोघांकडे बघत उभी होते, आणि पहिल्यांदा त्या सगळ्या आठवड्यात माझ्या डोक्यात पुढचं काम आपोआप आलं.

"मला येतंय, आप्पा," मी म्हटलं.

"काय?"

"पवायला. बोरगावात काकानं शिकीवलंय. हिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून."

लग्नानंतर मी कधी पाण्यात उतरले नव्हते. घरात कुणी विचारलं नव्हतं आणि सांगायचं कारण पडलं नव्हतं. सुरेश माझ्याकडे असे बघत होते, जणू मी मराठी सोडून तेलुगूत बोलायला लागले. मी ओढणी आणि घड्याळ त्यांच्या हातात दिलं, चपला नीट शेजारी शेजारी ठेवल्या आणि आप्पांपुढे ओंजळ केली. त्यांनी वेळ लावला. मग दगड माझ्या हातात आला. त्यांच्या हाताने तो ऊन झाला होता.

पाणी घोट्याला लागलं तेव्हा मी श्वास घेतला. कमरेला लागलं तेव्हा तो श्वास आतच अडकला. पौषातल्या पाण्याला गार म्हणत नाहीत, ते चावतं. पोट आत गेलं, दात वाजायला लागले, आणि त्या एका क्षणात आत्याबाई गेल्या हे मला कळलं. फोन आला तेव्हा कळलं नव्हतं, यादी करताना नाही, दहाव्याला तेलाची वाटी भरताना नाही. आता, डोहाच्या थंड पाण्यात, त्या माझ्या मुठीत असताना कळलं. मी मोठ्याने काहीतरी ओरडले. काय ते आठवत नाही. मग पाय सुटले आणि शरीराला सगळं आठवत गेलं. एका हाताने दगड छातीशी, दुसऱ्या हाताने पाणी कापत मी मधोमध गेले.

"टाकू नको गं!" काठावरून आप्पांचा आवाज आला. "बुडाशी न्हेऊन ठिव! आनि खाली काय हाय बघ, दगूड का चिखूल!"

मी छाती भरून घेतली आणि खाली गेले. कानांवर दाब आला. डोळे उघडले तर हिरवट अंधार. तळहात पुढे धरून चाचपत राहिले, तोवर बोटं कशात तरी रुतली. तिथे मी त्यांना ठेवलं. बाजूने थोडी वाळू ओढून घेतली, हलू नये म्हणून. हात सोडवायला मात्र मला वेळ लागला.

वर आले तेव्हा धुकं पांढरं झालं होतं आणि आप्पा पाण्याच्या अगदी कडेला, गुडघाभर आत येऊन उभे होते. सुरेशनी त्यांचा सदरा मागून घट्ट धरला होता.

"वाळू हाय, आप्पा!" मी ओरडले. दात इतके वाजत होते, की शब्द नीट निघेना.

"मऊ हाय?"

"मऊ हाय!"

"मग बरं," आप्पा म्हणाले. डोक्याला गुंडाळलेला टॉवेल सोडला, झटकला, आणि मी काठाला यायची वाट बघत तो दोन्ही हातांत पसरून उभे राहिले.